समासातली नवरी

आमच्या घरात रहस्यं भरपूर आहेत आणि ती उलगडण्याची बुद्धी एकट्या मला आहे, असं मी तेरा वर्षांची असताना समजत होते. पुढे हा समज दोनदा खोटा ठरला. तरी तो पुरता गेलेला नाही, असं माझा नवरा म्हणतो.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही तिघं राहायचो. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, भिंतीवर शेजारी शेजारी दोन फोटो, आणि दिवसातून चार वेळा कारखान्याचा भोंगा. पप्पा त्याच कारखान्यात होते. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही असा सरकारी नियम होता. पप्पांनी तो इतका मनावर घेतला होता, की दुपारी कँटीनला भाजी कुठली होती हेसुद्धा ते घरी सांगत नसत. आईने फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, होती काहीतरी पालेभाजी.

आई घरीच असायची, म्हणजे लोकांना आम्ही तसं सांगायचो. दुपारी एकच्या भोंग्याला ती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि चारच्या भोंग्याला उघडायची. मधल्या वेळात ती शिवण करते अशी माझी समजूत होती, कारण शिवणाचं मशीन त्या खोलीत होतं. तिने शिवलेला एकही फ्रॉक माझ्या अंगावर कधी चढला नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. हुशार माणसांचं असं होतं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. दर पौर्णिमेला संध्याकाळी फोटोंपुढे मेणबत्ती लावून आम्ही वंदना घ्यायचो, आणि पंचशील म्हणताना दोन गोष्टी हमखास घडायच्या. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. ते म्हणताना आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की पप्पांचा आवाज बारीक व्हायचा. दोन्ही गोष्टी मी टिपून ठेवल्या होत्या. आईला सकाळी चपलेने मारलेली झुरळं आठवत असणार आणि पप्पांचा घसा पौर्णिमेला बसत असणार, असा मी निष्कर्ष काढला होता.

मला रहस्यकथांचं वेड होतं. त्यासाठी आईने नारायण पेठेतल्या एका वाचनालयाचं सभासद कार्ड काढलं होतं. खडकीतही पुस्तकं मिळायची, पण आई म्हणायची की नाही, पेठेतलंच वाचनालय हवं. मग दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बसने महापालिकेपर्यंत आणि तिथून नव्या पुलावरून चालत नारायण पेठेत. वाचनालय म्हणजे तळमजल्यावरच्या दीड खोल्या. ग्रंथपाल पन्नाशीचे, बारीक, चष्मा कपाळावर ठेवून समोरच्याकडे बघणारे. त्यांच्या टेबलामागे पाटी होती: ‘पुस्तकाच्या समासात लिहू नये. लिहायचेच असल्यास शुद्ध लिहावे.’

ही पाटी वाचून सभासदांनी दुसऱ्या वाक्याचा तेवढा मान राखला होता. त्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या कडेने पेन्सिलीत शेरे असायचे. ‘हे अशक्य आहे.’ ‘रात्री साडेअकराला दूधवाला?’ ‘लेखकाने एकदा स्वयंपाकघरात जाऊन पाहावे.’ एकाने लिहिलं की दुसरा त्याच्याखाली उत्तर द्यायचा, तिसरा दोघांनाही झाडायचा. गोष्ट एकीकडे आणि भांडण एकीकडे, असं ते वाचायला मिळायचं.

माझा आवडता लेखक एकच होता. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण ते आडनाव असलेलं खरंखुरं कुटुंब आजही पेठेत राहतं आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही. पेठेत शोभेल असं खणखणीत आडनाव होतं. त्यांच्या कादंबऱ्या हातात मावतील एवढ्या, मुखपृष्ठावर हातात कंदील घेतलेली घाबरलेली बाई. गोष्ट साधारण अशी: पेठेतल्या जुन्या, मोठ्या घरात एक अनोळखी माणूस येतो, मी तुमचाच हरवलेला मुलगा म्हणतो, आतल्या खोलीत खून पडतो, आणि शेवटी कळतं की खरा वारस तिसराच कुणीतरी आहे, तो इतके दिवस सगळ्यांच्या नाकासमोर होता, पण कुणी त्याला नीट बघितलंच नव्हतं.

या पुस्तकांबाबत आईचा एक दुर्गुण होता. मी दहा पानं वाचून झाल्यावर सांगायला गेले, की ती भाकरी थापता थापता म्हणायची, “मुनीम बघ, मुनीम.” आणि शेवटी मुनीमच निघायचा. मी चिडून रडायची. बाकीच्या लेखकांच्या पुस्तकांत तिला काही ओळखू यायचं नाही, या एकाच लेखकाचा खुनी मात्र तिला पहिल्या प्रकरणात सापडायचा. शिवाय हीच पुस्तकं ती सहा सहा महिन्यांनी पुन्हा आणायला सांगायची. आणली की गोष्ट वाचायचीच नाही. पान आडवं धरून कडेकडेने काहीतरी बघायची, मध्येच हसायची, कधी तोंड आंबट करायची. आईचे डोळे अधू झाले असावेत असं मी पप्पांना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, बघू.

पप्पांचं दुसरंच चाललं होतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते कापडी पिशवी घेऊन बुधवार पेठेत जायचे. रेडिओचा एक भाग मिळत नाही, तो शोधायला जातो म्हणायचे. आमचा रेडिओ तीन वर्षं मुका होता. शेजारच्या काकूंनी एकदा आईला सांगितलं की त्यांच्या ह्यांनी पप्पांना बुधवारात एका जिन्यावर चढताना पाहिलं. बुधवार पेठ म्हटलं की पुण्यातला माणूस आधी गणपती म्हणतो, मग इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं म्हणतो, आणि मग थोडा वेळ काहीच म्हणत नाही. काकूंनी गणपती आणि दुकानं दोन्ही गाळली. आई म्हणाली, “पिशवी होती ना हातात? मग झालं.”

मला मात्र पिशवीने धीर आला नाही. माझ्या वाचनात अशा बापांना हमखास दुसरं घर असायचं. पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी वाचनालयात जायचं सोडून पप्पांच्या मागे गेले. ते एका पुस्तकांच्या दुकानाशेजारच्या जिन्याने वर गेले. मी अर्ध्या जिन्यात, खरकट्या कपांच्या ट्रेशेजारी उभी राहिले. वर छापखान्याच्या शाईचा वास येत होता. दार उघडलं, आणि आतल्या माणसाने माझ्या पप्पांना हाक मारली ती त्या लेखकाच्या आडनावाने. पप्पा “नमस्कार” म्हणाले. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढल्याचा आवाज आला.

घरी येताना बसमध्ये मी हसत होते का रडत होते, मला आठवत नाही. दुसरं घर नव्हतं, हा आनंद होताच. पण त्याहून मोठा आनंद म्हणजे माझा लेखक माझ्याच घरात राहत होता. इतके दिवस माझ्या नाकासमोर! रजेचा अर्ज लिहायला ज्यांना तीन कागद आणि अर्धा रविवार लागायचा, त्या माझ्या वडिलांनी चौदा माणसं मारली होती. ते सरकारी नोकर, म्हणून टोपणनाव घेतलं असणार, हेही मी लगेच जुळवलं.

मी त्यांना ओळखलंय हे सांगायचं नाही, पण जाणवू द्यायचं, असं मी ठरवलं. एकदा जेवताना विचारलं की पप्पा, विष चहात चांगलं की दुधात? ते म्हणाले अभ्यास कर. आई ताटावरून उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्याच सुमारास ते पुस्तक आलं. पेपरात तेव्हा रोज उदारीकरण, परदेशी कंपन्या असलं काहीतरी असायचं, आणि क्वार्टर्सच्या गच्चीवरून पहिली केबलची वायर आमच्या खिडकीपर्यंत पोचली होती. पण मला त्याचं काही नव्हतं. या पुस्तकात त्या मोठ्या घरातल्या मुलीचं लग्न असतं, आणि लग्नाच्या मांडवात एक जुनं पत्र सापडतं. पत्रावरून कळतं, की नवरी या घरची नाहीच. ती कुणाची, ते पुस्तकात शेवटपर्यंत येत नाही. मी ते एका दमात वाचलं. काहीही खटकलं नाही.

पेठेला खटकलं. महिनाभराने आईने ते पुस्तक पुन्हा आणायला सांगितलं, तेव्हा लग्नाच्या पानावर समासात जागा उरली नव्हती. पुस्तकात लिहिलं होतं की नवरी शुभ्र पांढरी साडी नेसून मांडवात आली आणि तिला बघून घरातल्या सगळ्यांचे डोळे निवले. त्याच्या शेजारी: ‘लग्न आहे की तेरावा?’ त्याखाली: ‘आमच्यात नवरी पिवळी अष्टपुत्री नेसते. लेखकाने एखाद्या लग्नाला जावे.’ त्याखाली: ‘लेखक पेठेतले नाहीत.’ आणि सगळ्यात खाली, बारीक टोकाच्या पेन्सिलीत: ‘अशी पांढरी लग्ने कोणाकडे होतात ते सर्वांना माहीत आहे. आडनाव खरे आहे का, चौकशी व्हावी.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात नवरा-नवरी पांढरं घालतात. मी पाहिलेली सगळी लग्नं पांढरी होती. मावशीचं, आत्याचं, क्वार्टर्समधल्या ताईचं. नवरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पांढरीच साडी यायची. त्यामुळे चूक मला दिसलीच नव्हती. तशीच ती लिहिणाऱ्यालाही दिसली नव्हती.

ग्रंथपालांनी पुस्तकावर शिक्का मारता मारता चष्मा कपाळावर चढवला. “आपण खडकीहून येता ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “मग सांगा, तुमच्याकडे नवरी काय नेसते?”

आता पप्पा पकडले जाणार, नोकरी जाणार, पुस्तकं बंद होणार, हे सगळं एकदम दिसलं. मी म्हणाले, “माहीत नाही. मी अजून लग्न केलेलं नाही.” ते म्हणाले, उत्तर पुणेरी आहे, पास. आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

ते पुस्तक आईने आठवडाभर ठेवलं. लग्नाचं पान उघडून ती किती वेळ बसली होती ते मी दारातून बघत होते, आणि मला तिची कीव येत होती. बिचारीला काही माहीत नाही, आपला नवरा केवढ्या संकटात आहे! पुढच्या शनिवारी पुस्तक परत करायला निघाले आणि बसमध्ये ते पान पुन्हा काढलं. तळाशी, उरलेल्या इंचभर जागेत, नवीन पेन्सिल होती: ‘नेसते पांढरी. ही मुलगी कोणाची, ते पुढच्या पुस्तकात कळेल.’

ओळ डावीकडून उजवीकडे वर चढत गेली होती. आमच्या घरातली किराण्याची यादी अशीच चढ चढायची. माझ्या प्रगतिपुस्तकावरची सही अशीच चढायची. मी पुढच्या थांब्यावर उतरले, रस्ता ओलांडला आणि उलट्या बसने घरी आले. एकचा भोंगा होऊन गेला होता, आतल्या खोलीचं दार लागलेलं होतं. मी पहिल्यांदाच ते वाजवलं.

आईच्या बोटांना शाई होती. मशीनवर कापड नव्हतं, कागद होते. मी पुस्तक तिच्यापुढे धरलं, तर ती आधी म्हणाली, परत नाही केलंस? आणि मग मशीनपुढच्या स्टुलावर बसली. त्या दुपारी तिने मला सगळं सांगितलं. शाळेत असताना तिची पेठेतली एक मैत्रीण होती. “त्यांच्या ओसरीपर्यंत मी रोज जायचे,” ती म्हणाली. “आत कधी कुणी बोलावलं नाही. आत काय असतं ते मला दिसलंच नाही, म्हणून सगळे खून मी आतल्या खोल्यांत केले.”

पहिली कादंबरी तिने स्वतःच्या नावाने तीन ठिकाणी पाठवली होती. तिन्हीकडून साभार परत आली. एका प्रकाशकांनी आस्थेने पत्र लिहिलं होतं, की आपण आपल्या समाजाचं दुःख लिहा, आम्ही अवश्य छापू. “दुःख लिहा म्हणाले,” आई म्हणाली. “मला खून लिहायचा होता.” मग तिने नारायण पेठेतल्या एका दारावरच्या पाटीवरून आडनाव उचललं, आणि पिशवी पप्पांच्या हातात दिली. चौथं शील मोडायची जबाबदारी त्यांच्यावर, पहिलं मोडायची तिच्यावर, अशी त्यांची वाटणी होती. समासातले शेरे वाचायला तिला पेठेतलं वाचनालय हवं होतं, कारण तिला वाचकांची पत्रं येणार कुठून? पत्रं आली तर ती त्या आडनावाला येणार.

मला तिचा राग आला होता. मुनीम आधीच सांगून टाकल्याचा तर अजून आहे. पण त्याहून जास्त अभिमान वाटला, इतका की मला तो पोटात मावेना, आणि सांगायला तर कुणीच नव्हतं.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी पप्पा बुधवारातून आले ते पिशवी भरलेलीच घेऊन. प्रकाशकांकडे वाचकांची पत्रं गेली होती. दुसऱ्या आवृत्तीत साडी पिवळी करून द्या म्हणाले, आणि यापुढचं लिखाण आधी कुणा जाणत्या माणसाला दाखवू. पुढचं पुस्तक पिशवीत होतं. त्यात ती नवरी आपल्या खऱ्या घरी येते. ते घर खडकीला, पेरूच्या झाडाचं. प्रकाशकांनी दोन पानं वाचून गठ्ठा परत दिला होता. आधी साडीचं बघा, म्हणाले.

पप्पांनी आईला समजावलं. एका साडीचा तर प्रश्न आहे, पिवळी तर पिवळी, पुढचं पुस्तक तर निघेल. आई पोळपाट पुसत होती. तिला लिहायचं होतं, यापलीकडे तिला आयुष्यात फारसं काही नको होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“बाकी सगळं मी त्यांच्यासारखं लिहिलं,” ती म्हणाली. “सोवळं, ओवळं, पाट, रांगोळी. एवढं एकच चुकून माझं झालं. ते मी नाही बदलणार.”

पप्पा पुन्हा बुधवारात गेले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते आम्ही पुढे किती वर्षं पुरवून पुरवून ऐकलं. त्यांनी म्हणे छातीवर हात ठेवून प्रकाशकांना सांगितलं, की मी लेखक आहे आणि माझी नवरी पांढरीच नेसेल. प्रकाशक म्हणाले कारण काय? पप्पा म्हणाले, “ते सांगता येणार नाही. मी सरकारी नोकर आहे.”

त्यानंतर ते लेखक संपले. पुढचं पुस्तक मशीनच्या खणात गेलं. आई म्हणायची, नाहीतरी आता लोक केबल बघतात. पण एक ते चार दार उघडंच राहायला लागलं, आणि त्या उघड्या दाराने मला फार वाईट वाटायचं. समासात दिलेला शब्द तिच्याकडून पाळला गेला नव्हता. ती त्याबद्दल बोलायची नाही, फक्त मला कधीतरी विचारायची, त्या पानावर कुणी आणखी काही लिहिलंय का गं? मी दहावीनंतर वाचनालयात जाणं सोडलं होतं. बघून सांगते म्हणायची आणि विसरायची. याची मला अजून लाज वाटते.

मी कॉम्प्युटर शिकले, कारण तेव्हा सगळेच शिकत होते. सन दोन हजार लागल्यावर जगातली यंत्रं बंद पडू नयेत म्हणून दोन वर्षं तारखा दुरुस्त केल्या. यंत्रं बंद पडली नाहीत, त्यामुळे आमचं कौतुकही कुणी केलं नाही. मग हिंजवडीत गेले. आमच्या वरच्या मजल्यावर टेलिफोनवाली मुलं होती. बारामतीचा मुलगा फोनवर एकदम अमेरिकन नाव सांगायचा. हे मी घरी हसत हसत सांगितलं. पप्पा हसले. आई म्हणाली, “त्यांना बरं, कंपनी नाव देते. मला माझं मलाच शोधावं लागलं.” मला ते लागलं, कारण मी स्वतःही ऑफिसात कुणी पूर्ण नाव विचारलं की फक्त पहिलंच सांगायची, आणि पुढे आडनाव काय म्हटलं की म्हणायची, आम्ही खडकीचे. टोपणनाव नव्हतं ते, पण त्याचंच भावंड.

वाचनालय बंद होतंय, पुस्तकं सभासदांनी घेऊन जावीत, असं ऑफिसातल्या नारायण पेठेतल्या मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. इमारतीच्या जागी मोठी इमारत होणार होती. ग्रंथपाल बरेच वाकले होते, चष्मा मात्र कपाळावरच होता. मी त्या लेखकाचं नाव घेतलं. त्यांनी टेबलाच्या खणातून तेच पुस्तक काढलं. वाटायच्या पुस्तकांत ते त्यांनी ठेवलंच नव्हतं.

“आलात. लग्न झालं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. “मग आता माहीत असेल, काय नेसतात ते.”

पांढरं, मी म्हणाले.

त्यांनी पुस्तकामागची तारखांची चिठ्ठी माझ्यापुढे केली. एकच सभासद क्रमांक पाच वेळा होता. प्रत्येक पुस्तकाला तसाच, ते म्हणाले. आपलं पुस्तक इतक्यांदा फक्त लिहिणाराच नेतो. आणि नेणारे गृहस्थ नसून कार्डावर नाव बाईंचं आहे, हे त्यांना वाचता येत होतं. मी विचारलं, मग तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही? “कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “इथे लोक शेरे मारतात, चौकशी करत नाहीत.” मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, की बाईंना सांगा, पुढच्या भागाला फार उशीर झालेला आहे.

पप्पा-आई तेव्हा दापोडीच्या फ्लॅटमध्ये राहत होते. रविवारी मी पुस्तक आईच्या हातात दिलं. तिने गोष्टीकडे पाहिलंही नाही, पान आडवं धरलं. तिच्या त्या चढत्या ओळीखाली जागा उरली नव्हती, म्हणून कुणीतरी कोरा कागद चिकटवला होता. डिंकाची रेघ इतकी सरळ होती की चिकटवणारा ग्रंथपालच असणार. त्यावर एकाखाली एक: ‘कधी कळणार?’ ‘पुढचे पुस्तक कोणाकडे असल्यास कळवावे.’ ‘लेखक वारले असे ऐकतो.’ याच्याखाली लाल शाईत, शिक्क्याशेजारी: ‘लेखक हयात आहेत. धीर धरावा. ग्रंथपाल.’ आणि सगळ्यात शेवटी, गोल गोल शाळकरी अक्षरात, पेनने: ‘माझ्या ताईने पण लग्नात पांढरीच साडी नेसली होती. आमची नवरी मी पुस्तकात पहिल्यांदा बघितली.’

आईने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पदराला पुसला, तो स्वच्छ होता तरी. पप्पांनी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, एक पत्र आलंय.

ती उठली, मशीनच्या खणातून गठ्ठा काढला आणि माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवला. कागद पिवळे पडले होते, ओळी तशाच वर चढत होत्या. टाइप करून दे, म्हणाली. मी फाइल उघडली आणि सवयीने त्या पेठेतल्या आडनावाची पहिली दोन अक्षरं दाबली.

“ते नको,” आई म्हणाली. “माझं घाल.”

मी तिचं नाव लिहिलं. तेवढंच लिहून माझा हात थांबला. का थांबला ते तिला बरोबर कळलं, आणि मलाही.

“आडनावासकट,” ती म्हणाली. “पूर्ण.”

टाइप करायला मला आठ महिने लागले, कारण माझी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की फाँट जुळायचा नाही आणि ‘नवरी’च्या जागी नुसत्या चौकटी चौकटी दिसायच्या. छापणारा एक तरुण भेटला, त्याने ना साडीचा रंग विचारला ना दुःख मागितलं. पहिली प्रत आली त्या दिवशी पौर्णिमा नव्हती, पण आईने ती फोटोंपुढे ठेवून मेणबत्ती लावली आणि आम्ही तिघं वंदनेला बसलो. पहिल्या शीलाला आई हसली, कारण सतराव्या पानावर तिने एका माणसाला मारलेलंच होतं. चौथं शील आलं. पप्पांनी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.